शिट्टी पुरी करून निघावं

आमच्या भावोजींनी आयुष्यात तोंड उघडून जेवढं सांगितलं असेल, त्याच्या दसपट ओठांचा चंबू करून सांगितलं आहे. भूक लागली की ते शिट्टी वाजवत, पोट भरलं की वाजवत, आणि ताईशी भांडण झालं की अबोला धरण्याऐवजी शिट्टी वाजवत या खोलीतून त्या खोलीत फिरत. त्या शिट्टीवरून भांडण कुठवर निवळलं आहे ते ताईला बरोबर कळायचं. ताईला बघायला आले होते तेव्हा आमच्या बाबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "काही छंद वगैरे?" तर हा गृहस्थ चहाचा कप खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "शिट्टी वाजवतो." बाबा हसले. त्यांना तो विनोद वाटला. आईनं मात्र मला स्वयंपाकघरात बोलावून, "मुलगा इंजिनिअर आहे हे नक्की ना रे?" असं विचारलं. आमच्या घरात शिट्टीला दोनच जागा ठाऊक होत्या, एक कुकरवर आणि दुसरी ट्रॅफिक हवालदाराच्या तोंडात. तिसरी जागा जावयाच्या तोंडात निघेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पुढे मी पीएचडीसाठी जर्मनीत ब्राउनश्वाइगला आलो. ताई आणि भावोजी तिथे आधीपासून होते. दर शनिवारी ट्रामनं त्यांच्याकडे जेवायला जायचं आणि रविवारचा डबा घेऊन परतायचं, हा माझ्या संशोधनाचा सर्वांत नियमित भाग होता. माझा विषय काँक्रीटचे पूल हा होता, पण चार वर्षांत मी शिकलो ते शिट्टीबद्दलच. बोटं तोंडात घालून थिएटरात मारतात ती शिट्टी भावोजींच्या हिशेबी शिट्टीच नव्हे, ती हाकाटी. त्यांची शिट्टी निव्वळ ओठांची, आणि ती कुठे तुटत नसे. आपण श्वास सोडताना वाजवतो आणि घेताना थांबतो. भावोजी घेतानाही वाजवत, आणि कुठे सोडला, कुठे घेतला याचा पत्ता लागू देत नसत. त्यांचं बालपण मिरजेत गेलं. शाळेच्या वाटेवर तंबोरे बनवणाऱ्यांची दुकानं होती. तिथे दिवसभर कुणी ना कुणी तारा जुळवत बसलेलं असे, आणि हा मुलगा बाहेर उभा राहून त्यांच्या सुरात सूर मिसळत असे. त्यामुळे पुढे त्यांना जगातला प्रत्येक आवाज कुठल्या तरी पट्टीतच ऐकू येऊ लागला. ताईचा कुकर काळी चारमध्ये वाजायचा. ट्रामचं दार बंद होताना पांढरी सहा लागायची. माझ्या घोरण्याला त्यांनी "बेसूर, पण लयीत पक्कं" असा शेरा दिला होता. हिवाळ्यात ओठ फुटू नयेत म्हणून त्यांच्या प्रत्येक खिशात मलमाची एकेक कांडी असे. मला शिकवायचाही त्यांनी फार प्रयत्न केला. "जीभ खालच्या दातांना टेकव, आणि गरम दुधावरची साय फुंकून बाजूला सारतोयस असं समज," असं सांगून ते माझ्यासमोर बसत. माझ्या तोंडातून नुसता वारा निघे. चार महिन्यांनी त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "तू पूलच बांध."

गंमत अशी की या माणसाची नोकरी शिट्ट्या बंद करण्याची होती. गाड्यांच्या दारांची रबरी सीलं बनवणाऱ्या एका कंपनीत ते कामाला होते. गाडीचा वेग वाढला की कुठल्या तरी फटीतून वारा शिरतो आणि आत बारीक शिट्टी वाजू लागते. ती शोधायची आणि बंद करायची. त्यांचे सहकारी यासाठी गाडीच्या सगळ्या फटींवर चिकटपट्ट्या लावत आणि एकेक पट्टी काढत ऑटोबान महामार्गावर पुन्हा पुन्हा चक्कर मारून येत. भावोजी शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसत, एकदा ऐकत, आणि खाली उतरून तोच सूर वाजवून दाखवत म्हणत, "मागचं डावं दार, वरचा कोपरा." कधी कुणा गाडीवाल्याची तक्रार फिरत फिरत त्यांच्या टेबलावर येई. तो बिचारा फोनवर सांगे की गाडीत काहीतरी वाजतं. "असं?" म्हणून भावोजी एक शिट्टी वाजवत. नाही, जरा वर. "मग असं?" तिकडून आनंदानं "गेनाऊ", म्हणजे अगदी असंच, असा आवाज येई, आणि इकडे अख्खं ऑफिस काम थांबवून ऐकत असे.

एकदा मात्र फसगत झाली. एका नव्या गाडीच्या चाचणीत मायक्रोफोनला एक चमत्कारिक आवाज सापडला. वाऱ्याची शिट्टी बिचारी सरळ असते, गाडीचा वेग वाढला की वाढते आणि कमी झाला की पडते. हा आवाज मनाला येईल तसा वरखाली जात होता, मध्येच थांबत होता, पुन्हा येत होता. दोन दिवस तीन इंजिनिअर त्याच्या मागे लागले. गाडीला इतक्या पट्ट्या लावल्या की ती अपघातातून आल्यासारखी दिसू लागली. तिसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्या आवाजाचा आलेख पडद्यावर लावला. भावोजींनी तो डावीकडून उजवीकडे पाहिला आणि ओळखला. तो यमन होता. चाचणीच्या वेळी शेजारच्या सीटवर बसून, स्वतःच्याही नकळत, ते ओठांतल्या ओठांत यमन वाजवत होते. "मग सांगितलंत?" मी विचारलं. "सांगावंच लागलं रे. ते पुढच्या काचेची सीलं बदलायला निघाले होते." त्यांच्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, "आल्झो," म्हणजे "असं तर," एवढं म्हणून जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी चाचणीच्या गाडीच्या डॅशबोर्डावर एक छापील कागद चिकटला. गाडीत शिट्टी वाजवण्यास सक्त मनाई आहे. हा कागद आपल्या नावानं लागला याचा भावोजींना मनातून अभिमानच होता.

गाडीत बंदी आली त्याच सुमारास घरातही आली, कारण सप्टेंबरअखेर त्यांच्या आई, म्हणजे माई, मिरजेहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या. जिना चढून तिसऱ्या मजल्यावर पोचल्या, खुर्चीत बसल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "आले बाबा एकदाची. एकदा पाहिलं, पुरे झालं. आता या गुडघ्यांनी पुन्हा येणं नाही." दुसरं वाक्य शिट्टीबद्दल होतं. माईंचे कायदे सुटसुटीत होते. घरात शिट्टी वाजवली की लक्ष्मी जाते, तिन्हीसांजेला वाजवली तर नक्की जाते, आणि रात्री वाजवली तर साप येतो. शिवाय, "असा चंबू करून करून एक दिवस तोंड वाकडं होईल," ही पुरवणी होती. हे त्या मुलाला सहाव्या वर्षापासून सांगत होत्या, आणि मुलगा सहाव्या वर्षापासून वाद घालत होता.

"माई, आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत. इथे कुठून आला साप?"

"येणारा येतो."

"इमारतीला लिफ्टसुद्धा नाही."

"मग जिन्यानं येईल," माई म्हणाल्या.

तिन्हीसांजेचा प्रश्न याहून बिकट होता. ऑक्टोबर सरता सरता घड्याळं एक तास मागे गेली आणि पाचच्या आतच अंधार पडू लागला. माई देवाजवळ दिवा लावत आणि बंदी सुरू होई. भावोजी ऑफिसातून येईपर्यंत घर लक्ष्मीच्या ताब्यात गेलेलं असे. त्यावर त्यांनी इंजिनिअरचं डोकं चालवलं. लक्ष्मी आपल्याकडची, तिचं घड्याळ साडेचार तास पुढे, तेव्हा तिची तिन्हीसांज इथल्या दुपारी दीडलाच उरकलेली असते. माईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तिच्याकडे आता रात्र झाली," त्या म्हणाल्या. "रात्री साप." भावोजींनी हात टेकले. मी मेहुण्याच्या नात्यानं त्यांची बाजू घ्यावी म्हणून ताईच्या कुकरकडे बोट दाखवलं. "माई, याच्या शिट्टीनं नाही का जात लक्ष्मी?" माई म्हणाल्या, "तो वाजतो तेव्हा भात होतो. हा वाजवतो तेव्हा काय होतं?" मी बोट खाली घेतलं.

राहता राहिला जिना. जुन्या इमारतीचा उंच दगडी जिना, आवाज असा घुमे की भावोजी घरी येताना मुद्दाम एकेक पायरी रेंगाळत चढत. पण पहिल्या मजल्यावर ऐंशीच्या घरातल्या एक जर्मन आजीबाई राहत. इमारतीचे नियम, म्हणजे हाउसऑर्डनुंग, त्यांना तोंडपाठ होते. दुपारी एक ते तीन शांतता पाळायची. शनिवारी पावणेतीनला भावोजींची शिट्टी जिन्यात घुमली आणि आजीबाई नियमांचा कागद घेऊनच बाहेर आल्या. मग भावोजी तळघरात, म्हणजे केलरमध्ये, कपडे धुवायच्या यंत्रापाशी जाऊन वाजवू लागले. तिथेही आजीबाई उतरल्या. या वेळी हातात कागद नव्हता. त्यांचे वडील हार्त्सच्या डोंगरात खाणकामगार होते, आणि जमिनीखाली शिट्टी वाजवली की डोंगर रागावतो, असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. "पण ही खाण नाही, केलर आहे," भावोजी म्हणाले. "जमिनीखाली ते जमिनीखाली," आजीबाई म्हणाल्या. ताईनं हे माईंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्याच दिवशी त्या वाटीभर शिरा घेऊन खाली गेल्या. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी तासभर बसल्या. हा माणूस हाताबाहेर गेलेला आहे यावर त्यांचं पूर्ण एकमत झालं असावं.

भावोजी हे सगळं हसण्यावारी नेत, पण त्यांची स्वतःची एक अंधश्रद्धा होती आणि तिला मात्र ते कुणाला हसू देत नसत. सुरू केलेली चाल पुरी केल्याशिवाय ते कुठून निघत नसत. अर्धी सोडलेली शिट्टी माणसाला परत बोलावते, असा त्यांचा अनुभव होता. एकदा अंतरा अर्धा टाकून ऑफिसला निघाले, तर थांब्यावर पोचल्यावर किल्ल्या घरीच राहिल्याचं कळलं. दाताच्या डॉक्टरनं मध्येच आत बोलावलं म्हणून एक चाल अर्धी राहिली, तर त्याच दाढेसाठी आणखी तीनदा जावं लागलं. दाढेसाठी सगळ्यांनाच तीनदा जावं लागतं, हे मी त्यांना पटवू शकलो नाही. आम्ही सगळे कोट-बूट चढवून दारात घामाघूम उभे आहोत आणि भावोजी समेवर यायचे आहेत, हे दृश्य त्या घरात नेहमीचं होतं. अंतऱ्यापायी आम्ही किती ट्राम सोडल्या ते सांगण्यात अर्थ नाही. "शिट्टी पुरी करून निघावं," ते म्हणत. "नाहीतर निघालो असं म्हणूच नये."

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी ताईचा फोन आला. "दवाखान्यात ये," एवढंच म्हणाली. झालं होतं असं, की भावोजी उठले, आरशासमोर उभे राहून त्यांनी ओठ जुळवले आणि नुसता वारा निघाला. ओठ फुटले असतील म्हणून त्यांनी मलम लावलं. पुन्हा वारा. मग चहा प्यायला बसले तर चहा डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर आला. ताई म्हणाली, "सकाळी सकाळी नकला नको करूस." मग तिनं नीट पाहिलं. डावा डोळा मिटत नव्हता आणि चेहऱ्याची ती बाजू ओघळली होती. माईंनी एकदा पाहिलं आणि देवासमोर जाऊन बसल्या.

मी पोचलो तेव्हा तपासणी चालली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. भुवया वर करा, म्हणाल्या. डोळे घट्ट मिटा. दात दाखवा. आणि मग म्हणाल्या, "आता जरा शिट्टी वाजवा बघू." ज्या माणसाला घरात बंदी, गाडीत बंदी, जिन्यात बंदी आणि तळघरात बंदी, त्याला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी अधिकाराच्या खुर्चीतून शिट्टी वाजवायला सांगत होतं. भावोजींनी ओठ जुळवले. उजवी बाजू गोल झाली, डावी तशीच राहिली. फू. त्यांनी पुन्हा केलं. फू. डॉक्टरीणबाईंनी पुरे म्हटलं तरी त्यांनी तिसऱ्यांदा केलं. मला ते बघवेना. हात कसे धुवावेत याच्या सूचना भिंतीवर लावल्या होत्या, त्या मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढल्या.

मेंदूचं काही नव्हतं. चेहऱ्याची नस सुजली होती. गोळ्या आहेत, बहुतेकांचं बरं होतं, वेळ लागतो, थोड्यांचं थोडंसं राहून जातं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि शिट्टी?" भावोजींनी विचारलं. त्या हसल्या. त्यांनाही तो विनोद वाटला.

दुखण्याचं कारण मात्र इमारतीतच ठरलं. आजीबाईंनी एका शब्दात निदान केलं, "त्सूग." खिडकी-दारातून येणारा वाऱ्याचा झोत. जर्मन माणूस भुताखेतांना भीत नाही, पण त्सूगला भितो. माई म्हणाल्या, वारं लागलं. पुन्हा एकमत. ज्याचं पोट वाऱ्याच्या फटी बुजवण्यावर चालतं त्यालाच वारा लागावा, याचं पहिलं हसू भावोजींनाच आलं. उजव्या बाजूनं हसत म्हणाले, "मागचं डावं दार. सील गेलंय." मग उपचार सुरू झाले. रात्री डोळ्यावर पारदर्शक टोपण. सकाळ-संध्याकाळ आरशासमोर तोंडाचे व्यायाम. ताईनं फुगवायला फुगे आणले. आजीबाईंनी चेरीच्या बिया भरलेली छोटी उशी दिली, ती ओव्हनमध्ये गरम करून गालाला धरायची. माईंना ती उशी फार पटली. ऑफिसातून एक पाकीट आलं. आत डॅशबोर्डावरचा तो मनाईचा कागद होता, आणि त्याच्या मागच्या बाजूला सगळ्यांच्या सह्या होत्या. साहेबांनी सहीखाली "लवकर बरे व्हा, यंत्रांना फार वेळ लागतो आहे" असं लिहिलं होतं.

पण घर गप्प झालं. आठवड्यामागून आठवडे गेले, डोळा मिटू लागला, चहा सदऱ्यावर यायचा थांबला, शिट्टी काही येईना. भावोजी रोज आरशासमोर उभे राहून फू फू करत आणि बाहेर येऊन काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पेपर उघडत. एका शनिवारी माई लसूण सोलत बसल्या होत्या. मी शेजारी बसलो. सोलता सोलता म्हणाल्या, "मी रोज म्हणायची ना, तोंड वाकडं होईल म्हणून."

"माई, म्हणण्यानं काही होत नसतं. डॉक्टरांनी सांगितलंय ना, नस सुजली."

"डॉक्टरांना काय ठाऊक मी काय म्हणायची ते." त्यांनी आणखी दोन पाकळ्या सोलल्या. "शिट्टी ऐकू आली की कळायचं, पोरगा कुठल्या खोलीत आहे. ओरडायच्या निमित्तानं जाऊन बघून यायची मी. आता दिवसभर घरात असतो आणि ठावठिकाणा लागत नाही त्याचा."

मीही लसूण सोलायला घेतला.

डिसेंबरात माईंचं परतीचं विमान होतं. आदल्या दिवशी शनिवार होता, मी गेलो होतो. बॅगा भरून दाराशी लागल्या होत्या. बाहेर बर्फ पडत होता आणि चारलाच काळोख झाला होता. माईंनी दिवा लावला, हात जोडले, आणि मागे वळून म्हणाल्या, "ये इकडे. बस. वाजव."

"काय वाजवू?"

"शिट्टी. दुसरं काय येतं तुला?"

भावोजींनी ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माई, दिवा लागलाय."

"मीच लावलाय."

"लक्ष्मी जाईल."

"एवढ्या बर्फात कुठं जातेय ती? दार नीट लावून घे आणि वाजव."

भावोजी दिव्यासमोर मांडी घालून बसले. ओठांना मलम लावलं. पहिल्यांदा नुसता वारा निघाला. दुसऱ्यांदाही. "सावकाश," माई म्हणाल्या. "माझं विमान उद्या आहे." तिसऱ्यांदा वाऱ्याच्या आतून एक बारीक सूर निघाला. कुकर शिट्टी द्यायच्या आधी नुसता फुसफुसतो, तितपतच होता, पण सूर होता, आणि तो हलला. मिरजेत शाळेतून घरी येताना गल्लीच्या तोंडापासून ते जी चाल वाजवत येत, ती होती. ताईनं पदराचं टोक तोंडाला लावलं. माई डोळे मिटून, मान हलवत, ताल चुकवत ऐकत होत्या. इतक्यात दाराची घंटा वाजली. मी चरफडत उठून दार उघडलं. आजीबाई चेरीच्या बियांची आणखी एक उशी घेऊन उभ्या होत्या. मी काही म्हणायच्या आत त्यांनी मनगटावरचं घड्याळ मला दाखवलं आणि हळूच सांगितलं, "चार वाजून गेलेत. आता चालतं." आणि तशाच उंबऱ्याबाहेर उभ्या राहून ऐकू लागल्या.

ध्रुवपद संपलं. अंतरा सुरू झाला, वर चढला, आणि मध्येच थांबला. भावोजींनी ओठ पुसले. "आज एवढंच."

"अंतरा राहिला की रे," माई म्हणाल्या.

"राहू दे."

ओठ दमले असणार, असं आम्ही सगळेच समजलो. माईंनी त्यांच्या डाव्या गालावरून हात फिरवला आणि गुळाचा खडा हातावर ठेवला. आठला मी डबा घेऊन निघालो, तर भावोजी खालच्या दारापर्यंत पोचवायला आले. मी म्हटलं, "थोडक्यात राहिलं. आणखी पंधरा दिवसांत सगळं येईल."

"येत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"अंतरा. येत होता पुरा. मुद्दाम सोडला." आणि कोटाची कॉलर वर करून ते जिना चढू लागले.

अंधश्रद्धेला माझा पहिल्यापासून विरोध आहे आणि तो मी चारचौघांत अनेकदा मांडलेला आहे. पण त्या दिवशी ट्राममध्ये बसल्यावर मला रडू आलं, आणि माईंचे गुडघे लवकर बरे व्हावेत म्हणून मी कुणाची तरी मनापासून प्रार्थना केली.

माई जूनमध्ये आल्या. गुडघ्यांना पट्टे बांधून आल्या, पण आल्या. तोवर भावोजींची शिट्टी जवळजवळ पूर्ववत झाली होती. डावीकडून एक बारीकशी हवा तेवढी येत राहिली, ती आमच्या कुणाच्या लक्षातही आली नसती, पण ते स्वतःच दाखवून देत. गाडीत असती तर अर्ध्या तासात बंद केली असती, असं म्हणत. त्या दिवशी माईंची बॅग उचलून त्यांनी जिना चढायला घेतला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवताच राहिलेला अंतरा उचलला, नेमका सोडला होता तिथून. माई प्रत्येक वळणावर गुडघ्यांसाठी थांबत होत्या, आणि त्या थांबल्या की हे तान लांबवत होते. आजीबाईंचं दार किलकिलं झालं आणि तसंच राहिलं. तिसऱ्या मजल्यावर समेवर आले. माईंनी उंबऱ्यात चपला काढल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "आता बंद. घरात लक्ष्मी आहे." भावोजींच्या चेहऱ्यावर दोन्ही बाजूंनी जे हसू आलं, तसं मी पुन्हा पाहिलं नाही.

त्यानंतर दीड वर्षानं माझे पूल एकदाचे बांधून झाले आणि मला म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी ताईनं नेहमीपेक्षा मोठा डबा दिला आणि भावोजी स्टेशनवर आले. आम्ही फलाटावर उभे राहिलो. ते काहीतरी वाजवत होते, डावीकडून ती बारीक हवा येत होती, आणि मी वेळापत्रक वाचत होतो. गाडी आली. मी चढलो, खिडकीपाशी उभा राहिलो. दारं बंद झाल्यावर आवाज येईनासा झाला, पण ओठ दिसत होते. ते वाजवत होते, वाजवत होते, आणि गाडी हलली तशी त्यांनी ओठ मिटले आणि हात वर केला.

एरवी समेवर आल्यावर ते एकदा मान झटकत. त्या दिवशी झटकली नाही. पुढे कामं वाढली, मग लग्न झालं, मग आणखी कामं, आणि ब्राउनश्वाइगला जाणं पुढच्या महिन्यावर जात राहिलं. ताई फोनवर विचारते, "अरे, येतोस कधी?" मी म्हणतो, येणार आहे. मागून भावोजींची शिट्टी ऐकू येते, ती हवा ऐकू येते, आणि ते वेगळीच काहीतरी चाल वाजवत असतात. ती फलाटावरची कधी वाजवत नाहीत. मी विचारतही नाही. ती तिथेच ऐकायची आहे.